खुब्याच्या ऑपरेशननंतर ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढेच पुरत नाही

माननीय संपादक,

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांच्या डिस्चार्ज कार्डावर औषधे असतात, टाके काढायची तारीख असते आणि तळाशी एक ओळ: ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’. घर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर, जिना उभा, संडास देशी. तिथे ही ओळ काय कामाची? जिन्याला किती पायऱ्या, कठडा कोणत्या बाजूला, रात्री सोबत कोण, हे भरती केल्या दिवशीच विचारायला हवे.

घरच्यांनीही दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, नेमके काय बसवले. बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचा खुब्यातला गोळा, बदलला असेल तर बरेच सर्जन काही आठवडे मांडी घालू देत नाहीत आणि खुबा काटकोनापलीकडे वाकवू देत नाहीत, कारण सांधा निखळू शकतो. म्हणून खुर्ची उंच हवी आणि देशी संडासावर कमोड खुर्ची. मोडलेले हाड जोडायला रॉड घातला असेल तर पथ्ये वेगळी. दुसरी, पायावर वजन किती टाकायचे: पूर्ण, अर्धे की नुसता टेकवायचा. हे माहीत नसले की भीतीपोटी पेशंटला झोपवून ठेवतात, आणि खरे नुकसान तिथूनच सुरू होते.

वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी यावी. खाली असेल तर माणूस पुढे झुकतो, वर असेल तर खांदे भरून येतात. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिन्यावर वॉकर नको. कठडा आणि काठी घ्यावी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

टाचेला जखम होऊ नये म्हणून उशी पोटरीखाली ठेवावी, टाच अधांतरी राहावी. रात्री उठवायला लागू नये म्हणून आजी संध्याकाळपासून पाणीच कमी पितात. मग बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, कधी भ्रमही. पलंगाशेजारी कमोड खुर्ची असली तर हे बरेचसे टळते. रक्त पातळ ठेवणारे औषध पाकीट संपले म्हणून परस्पर बंद करू नये. ते ३५ दिवसांपर्यंतही चालू शकते. एक पोटरी सुजली किंवा एकाएकी धाप लागली तर त्याच दिवशी, लगेच हॉस्पिटल गाठावे.

आयुष्मान कार्डात डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच धरला जातो. चाल सुधारायला महिने लागतात. मुले पुण्यात किंवा परदेशात असलेल्या घरांची या काळात फार ओढाताण होते. बडोद्यातल्या मराठी संस्थांनी तळमजल्यावर दोन-तीन खाटांची, दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामाची सोय करावी, अशी कळकळीची विनंती आहे. दिवस-रात्र एक प्रशिक्षित आया आणि रोज फिजिओथेरपिस्टची फेरी, एवढ्यावर सुरुवात करता येईल. फक्त जागा ठरवण्यापूर्वी संडासाचे दार मोजावे: वॉकर आत जायला निदान अडीच फूट मोकळे हवेत.

— पुनर्वसन व शुश्रूषा क्षेत्रातील काही कार्यकर्ते, बडोदे