रेकी घ्या, पण सोबत दुखण्याची वही ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनाट दुखण्यावरच्या पूरक उपचारांची चर्चा आपल्या आरोग्य पुरवणीत सुरू आहे. रेकीचा, म्हणजे अंगावर हात ठेवून ‘ऊर्जा’ देण्याच्या उपचाराचा, विषय निघाला की ती दोन टोकांना जाते. एक बाजू म्हणते सगळे थोतांड, दुसरी म्हणते गोळ्या सुटल्या. तीन महिन्यांहून अधिक काळ कंबर किंवा मान धरलेल्या माणसाने प्रत्यक्षात काय करावे, हे दोन्हींकडून कळत नाही. म्हणून हे पत्र.

आधी पुराव्याबद्दल, कारण तो अनेकांना वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. मिकाओ उसुई यांनी जपानमध्ये १९२२ साली सुरू केलेल्या या पद्धतीची फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर दुखत राहणाऱ्या जुनाट विकाराच्या) १०० रुग्णांवर नीट चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांना आठवड्यातून दोनदा, असे आठ आठवडे उपचार मिळाले. काहींना खऱ्या रेकी मास्टरांनी रेकी दिली, तर काहींवर नटांनी तशीच नक्कल केली. दोन्हींत काही रुग्णांवर हात टेकवले, काहींसाठी दुरूनच. खरी रेकी नकलेपेक्षा सरस ठरली नाही आणि हात लावल्या-न लावल्यानेही फरक पडला नाही. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या त्याच वर्षीच्या आढाव्यात रेकी आणि तिच्यासारख्या स्पर्शोपचारांचे २४ अभ्यास एकत्र केले. वेदना दहापैकी सरासरी ०.८३ अंकाने कमी दिसली. रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवण्यासाठी सुमारे दोन अंकांची किंवा ३० टक्क्यांची घट लागते.

मग लोकांना बरे वाटते ते खोटे का? तसे नाही. आतड्याच्या विकाराच्या (आयबीएस) २६२ रुग्णांवरचा २००८ चाच एक प्रयोग इथे उपयोगी पडतो, जरी तो रेकीचा नव्हता. नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. बनावट अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्यांत तो आकडा ४४ टक्के होता. तेच बनावट अ‍ॅक्युपंक्चर, पण देणाऱ्याने आस्थेने विचारपूस केली, तेव्हा ६२ टक्के. रेकीच्या तासात ऊर्जा वाहते असे दाखवता आलेले नाही. पण कोणीतरी पूर्ण लक्ष देते, माणूस शांत पडून राहतो आणि श्वास संथ होतो. जुनाट दुखण्यात अनेकदा मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. अपुरी झोप आणि भीती तिला आणखी चाळवतात. तिथे एक निवांत तास अगदी वाया जात नाही. आमच्या मते रेकीची किंमत एवढीच धरावी, आणि एवढी धरायला हरकत नाही.

करून पाहायची असेल तर पहिले सेशन घेण्यापूर्वी दोन आठवडे वही ठेवा. दर आठवड्याला तीन प्रश्नांना ० ते १० गुण द्या: गेल्या आठवड्यात वेदना सरासरी किती होती, तिने जगण्यातला आनंद किती हिरावला, आणि रोजच्या कामात किती अडथळा आणला. तिन्हींची सरासरी काढा. हे दोन आठवडे टाळू नका. दुखणे शिगेला पोचते तेव्हाच माणूस नवा उपाय शोधतो, आणि शिगेला पोचलेले दुखणे बहुतेकदा आपोआप थोडे उतरते. आधीची नोंद नसेल तर ते श्रेय रेकीला जाते. या सगळ्या काळात नवी गोळी, नवी गादी किंवा फिजिओथेरपीही सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झाले ते कधीच कळणार नाही. आठवड्याला एक याप्रमाणे सहा सेशन पुरेत. सरासरी ६ वरून ४ वर आली तर पुढे जायला आधार आहे. साडेपाचवर रेंगाळली तर थांबा. ‘अजून दहा घ्या, मग बघा’ याला अर्थ नाही.

सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचे असते. अंगावर नेहमीचे कपडे असतात आणि डोके, छाती, पोट, पाठ अशा ठिकाणी तीन ते पाच मिनिटे हात नुसते ठेवतात. रगडणे, दाबणे, मान वळवणे हे रेकीत येत नाही. कोणी करू लागले तर तिथेच थांबवा. कोठे हात चालेल आणि कोठे नाही, हे आधीच सांगून ठेवा. नागीण होऊन गेल्यावर किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यात कपड्याचा स्पर्शही सोसत नाही. तिथे हात दोन-तीन इंच वरच ठेवायला सांगा.

बिघडते ते बहुधा झोपण्याच्या पद्धतीने. कंबरदुखीत उताणे असताना गुडघ्यांखाली उशी हवी आणि कुशीवर असताना दोन गुडघ्यांमध्ये. कंबर मागे वाकवली की ज्यांच्या पायात कळ जाते त्यांनी पालथे पडूच नये. पाठीवरची रेकी कुशीवर घ्यावी. एकाच स्थितीत तासभर राहिल्याने सांधे आखडतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी कूस बदला, ‘प्रवाह तुटेल’ असे कोणी म्हटले तरी. संपल्यावर ताडकन उठू नका. कुशीवर वळून बसा आणि एक-दोन मिनिटे पाय खाली सोडून ठेवा. प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांसारख्या वेदनेवरच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना भोवळ येऊन पडण्याचा धोका खरा आहे. स्वतःच स्वतःला रेकी देणाऱ्यांनी कोपरांखाली उशा घ्याव्यात. चेहऱ्यावर हात अधांतरी धरून मान-खांदे भरून येतात, आणि दुखणे तिथलेच असेल तर ते वाढते.

खरी मेख पुढे आहे. सेशननंतर हलके वाटते आणि माणूस राहिलेली सगळी कामे उपसायला बसतो. दुसऱ्या दिवशी अंग उठू देत नाही. त्या हलकेपणात ठरलेले चालणे किंवा फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम करावा, तोही घड्याळ लावून. दहा मिनिटे ठरली तर बरे वाटले तरी दहाच, आणि आठवड्याला एक-दोन मिनिटांचीच वाढ. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी व्यायाम आणि मानसोपचार आहेत, रेकी नाही. रेकीने व्यायामाला बळ मिळत असेल तर ती पूरक. तिच्यापायी व्यायाम सुटत असेल तर ती पूरक उरत नाही.

गोळ्यांबाबत एकच नियम: रेकी देणाऱ्याच्या सांगण्यावरून एकही कमी करू नये. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन एकदम थांबवल्यास झटके येऊ शकतात. तीन आठवड्यांहून अधिक घेतलेले स्टेरॉइड अचानक सोडल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. आमवातावरचे मेथोट्रेक्सेट सोडल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही, पण सांधे आतून झिजत राहतात. कमी करायचेच असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. उतरता डोस तेच ठरवतील.

रेकी देणाऱ्याला पारखायलाही फार लागत नाही. पहिल्या पातळीचे शिक्षण एक-दोन दिवसांत उरकते, त्यामुळे प्रमाणपत्रावर जाऊ नका. हाताला ‘जाणवले’ म्हणून यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार सांगणारा, दुखणे वाढले तर ‘विषारी द्रव्ये बाहेर पडताहेत’ म्हणणारा आणि अनेक महिन्यांचे पैसे आगाऊ घेणारा, तिघेही टाळावेत. दुखणे कमी झाले तर रेकीमुळे आणि वाढले तरी रेकीमुळेच, असा हिशेब असेल तर वहीला काम उरत नाही.

शेवटी एक विनंती. पूरक उपचारांवरच्या लेखांशेजारी धोक्याच्या लक्षणांची एक चौकट नेहमी छापावी. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली शक्ती कमी होणे, कंबरदुखीसोबत ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असताना नव्याने सुरू झालेले हाडांचे दुखणे, श्रम केल्यावर छातीत दुखणे, अचानक सुजून तापलेला सांधा, आणि पन्नाशीनंतर कानशिलात नव्याने सुरू झालेली डोकेदुखी व चावताना जबड्यात कळ. यातल्या शेवटच्या लक्षणात उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. यांपैकी काहीही असेल तर रेकीची वेळ रद्द करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आपले,
वेदना-उपचार क्षेत्रातील काही वाचक