लोहाची गोळी आणि ग्रीन टी

हामामात्सू, जपान
१० मे

प्रिय सुनंदा,

काल फोनवर तू घाईत होतीस, मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून मी जास्त बोलले नाही. पण तुझं एक वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. "सकाळी उठल्या उठल्या लोहाची गोळी ग्रीन टीबरोबरच घेऊन टाकते, दोन्ही कामं एकदम होतात." हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. एवढा भाग आज वाच, बाकीचं सवडीने वाचलंस तरी चालेल.

गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. बी.एस्सी.ला आपण फेनॉल ओळखायला फेरिक क्लोराईडचा, म्हणजे लोहाच्याच क्षाराचा, थेंब टाकायचो आणि परीक्षानळीत रंग एकदम गडद व्हायचा, आठवतं? चहातली कॅटेचिन्स नावाची द्रव्यं फेनॉलच्याच घराण्यातली. ती लोहाला धरतात, आणि धरलेलं लोह आतड्यातून रक्तात नीट जात नाही. मटण-मासळीतलं लोह त्यातून बरंचसं वाचतं, पण भाकरी, डाळ, मेथी, अळीव यांतलं अडकतं. आणि तू तर शाकाहारी! हिमोग्लोबिन साडेआठ, तीन महिने गोळ्या चालू, तरी आकडा जागचा हलत नाही. कारण फक्त चहाच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, ते डॉक्टरांना ठरवू दे. पण चहाबद्दल त्यांना सांगितलंयस का? सांग. गोळी लिंबूपाण्याबरोबर घे, 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. चहा आणि गोळी, तसंच चहा आणि जेवण, यांत निदान एक तास जाऊ दे. जेवण झाल्याबरोबर "पचायला बरं" म्हणून जो कप घेतेस, तोही पुढे ढकल.

आता दुसरी गोष्ट, तुझ्या व्यायामशाळेतल्या बाईंनी दिलेल्या त्या ग्रीन टीच्या कॅप्सूल. त्या बंद कर, अगदी आजपासून. कपभर चहा आणि त्याचा अर्क काढून भरलेली कॅप्सूल यांत फार फरक आहे. ग्रीन टीतल्या मुख्य कॅटेचिनला ईजीसीजी म्हणतात. रोज चहा पिणाऱ्याच्या पोटात ते साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सगळी माहिती तपासून सांगितलं, की कॅप्सूलमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतलं तर यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्ततपासणीत दिसतात. तुझ्या डबीवर प्रमाणच लिहिलेलं नाही म्हणालीस. मग किती पोटात जातंय हे कुणाला ठाऊक?

आणि हे सगळं वजनासाठी! सुनंदा, कॉक्रेन ही संस्था जगभरचे प्रयोग एकत्र करून निष्कर्ष काढते. त्यांनी २०१२ मध्ये ग्रीन टी आणि वजन हा विषय घेतला. जपानबाहेरच्या प्रयोगांत सरासरी फरक निघाला ०.०४ किलो, म्हणजे ४० ग्रॅम. तुझ्या शाळेतल्या तराजूत तो दिसणारही नाही. तुझे दोन किलो उतरले ते खरे आहेत, पण मला वाटतं ते साखरेमुळे. चार कप दुधाचा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, हे तू सोडलंस. रोजचे आठ चमचे थांबले. त्याचं श्रेय तुझं आहे, चहाच्या पुडीचं नाही.

तू म्हणशील, मग ही बाई स्वतः का पिते? तेही सांगते.

आमच्या या शिझुओका प्रांतात चहा हे मुख्य पीक. काकेगावा सोडून गाडी कानायाकडे निघाली की माकिनोहाराचं पठार लागतं. गोल कातरलेल्या झुडपांच्या रांगा, आणि त्यांत जागोजागी उंच खांबांवर पंखे. मला आधी वाटलं पवनचक्क्या आहेत. पण ते वरची जरा उबदार हवा खाली ढकलतात, म्हणजे कोवळ्या पालवीला गोठलेलं दहिवर मारत नाही. दोन मेच्या आसपास हाचिजुहाचिया येते, वसंतारंभापासूनची अठ्ठ्याऐंशीवी रात्र. तेव्हाची पहिली खुडणी सगळ्यांत मोलाची. झाड तेच, आपल्या आसामच्या चहाचं. इथे पानं खुडल्याबरोबर वाफवतात, म्हणून ती काळी पडत नाहीत आणि कॅटेचिन्स बरीचशी तशीच राहतात. १९२९ मध्ये ग्रीन टीतून कॅटेचिन वेगळं काढलं ते मिचियो त्सुजिमुरा या बाईंनी. कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी जपानमधली पहिली स्त्री. नववीच्या मुलींना हे नक्की सांग.

फायद्याबद्दल मला सगळ्यांत विश्वासाचं वाटतं ते उत्तरेकडच्या ओसाकी भागातलं काम. ४०,५३० माणसं, अकरा वर्षं पाठपुरावा, २००६ मध्ये प्रसिद्ध. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण एक कपाहून कमी पिणाऱ्यांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी, पुरुषांत १२ टक्क्यांनी. फरक मुख्यतः हृदयविकार आणि पक्षाघातात दिसला, कॅन्सरच्या मृत्यूंत दिसला नाही. कप मात्र इथला, शंभर मिलिलिटरचा. आणि हे नुसतं निरीक्षण आहे. चहा भरपूर पिणारी माणसं एरवीही वेगळी जगत असतील. तरी हृदयाच्या बाजूने काहीतरी चांगलं घडत असावं, असं मी मानते.

शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या उकळतं पाणी आधी रिकाम्या कपांत ओततात. एका ओतण्यात दहाएक अंश उतरतात. मग ते पाणी पानांवर, एक-दीड मिनिट, आणि किटलीतला शेवटचा थेंबसुद्धा कपात निथळेपर्यंत हात आडवा धरून ठेवतात. तुझा चहा कडू होतो कारण तू पुडी खळखळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवतेस. पाणी सत्तर-ऐंशी अंशांवर येऊ दे. दूध नको, मधाचीही गरज पडणार नाही.

संध्याकाळी पाचनंतर मात्र घेऊ नकोस, कॅफीन यातही आहे. तेव्हा सासूबाईंच्या परसातला गवती चहा उकळ. तो "हिरवाच तर आहे" हे त्यांचं म्हणणं वेगळं, ते गवत आहे, चहाच्या झाडाशी त्याचं नातं नाही. पण त्यात कॅफीन नाही, झोप तरी लागेल.

यंदाच्या पहिल्या खुडणीची दोन पाकिटं आज पोस्टात टाकली. फोडलंस की हवाबंद डब्यात ठेव. संपली की हिमाचलातला कांगड्याचा हिरवा चहा मागव, पालमपूरकडचा, छान असतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपास आणि आकडा त्याच दिवशी मला कळव. रात्र झाली असली तरी फोन कर, मी जागी असेन.

तुझीच,
वैशाली