गांधीलमाशीचे बिल मधमाशीच्या नावावर

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
सातारा शाखा

दिनांक : २७ ऑक्टोबर २०२५

विषय : ४ ऑक्टोबर रोजीच्या फवारणीबाबत तक्रार, ₹ २,४०० परत मिळणे आणि वापरलेल्या औषधाचे नाव कळणे याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीशी माझा मे महिन्यापासून वार्षिक करार आहे : झुरळे, मुंग्या आणि वाळवी. झुरळांचे काम चांगले झाले आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे वाचताना 'या मास्तरांना तक्रारीची खोडच आहे' असे वाटायचे.

शाहूपुरीत आमचे बैठे घर आहे. नवरात्रात घर झाडताना गांधीलमाशीची तीन पोळी दिसली. पहिले पोर्चच्या स्लॅबखाली, आकाशकंदिलाच्या हुकाला अगदी लागून, चहाच्या बशीएवढे. दुसरे न्हाणीघराच्या झडपेवर, लहानसे. तिसरे मागच्या कुंपणाशी कागदी लिंबाच्या झाडावर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्या कार्यालयात फोन केला. गांधीलमाशी करारात बसत नाही, पोळ्यामागे आठशे रुपये वेगळे पडतील, असे उत्तर मिळाले. मी कबूल झालो. मात्र दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आणि समोरच्या बाईंनी 'नोंद घेतली' असे म्हटले.

एक, माणूस दिवेलागणीनंतर पाठवा. दुसरी, लिंबावरच्या पोळ्याला हात लावायचा नाही.

पहिल्या गोष्टीचे कारण आपल्याला मी सांगावे लागू नये. दिवसा बऱ्याच माश्या बाहेर असतात : कोणी अळ्या शोधत, कोणी पाणी आणायला, कोणी जुन्या लाकडाचे तंतू खरवडायला. हे तंतू लाळेत चघळूनच त्या पोळ्याचा कागद बनवतात. आमच्या जुन्या फाटकाच्या फळीवर त्यांनी खरवडल्याचे पांढुरके पट्टे आहेत, हवे तर येऊन पाहा. अंधार पडला की सगळ्या पोळ्यावर परततात आणि गारव्याने मंदावतात. तेव्हा केलेले काम एका खेपेत संपते.

आपला मुलगा आला शनिवारी, ४ ऑक्टोबरला, सकाळी साडेअकरा वाजता. भर उन्हात. पायात स्लिपर, तोंडाला रुमाल. हातमोजे नाहीत, डोक्यावर जाळी नाही. मी म्हटले, 'अरे, रात्री यायचे ठरले होते ना?' तर म्हणाला, 'सर, माझी शिफ्ट सहाला संपते.' विशी-बाविशीचे पोर. त्याच्यावर माझा राग नाही, हे पत्रात ठळकपणे नोंदवून ठेवावे. तीन-चार फुटांवरून त्याने पंप मारला. पोळ्यावरच्या माश्या पटापट खाली पडल्या आणि बाहेरून परतणारी एक त्याच्या कानामागे डसली. माझ्या आईनेच त्याला फ्रीजमधला बर्फ दिला.

त्यानंतर तो न्हाणीघराच्या मागे गेला, आणि मी आईला खुर्चीवर बसवतो न बसवतो तोच लिंबावरही फवारून आला. मी ओरडलो तेव्हा म्हणाला, 'बिलावर तीन लिहिलीत सर.' पोळे मात्र त्याने एकही काढले नाही. विचारले तर, 'उद्या आपोआप पडेल.'

महोदय, ते आपोआप पडत नाही. स्लॅबला ते ज्या बारीक देठावर लोंबते तो देठ भलताच चिवट असतो, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून माश्या त्याला एक स्राव चोपडत राहतात. पावसाळाभर वाऱ्या-पावसात लटकलेली ही वस्तू पंपाच्या दोन फवाऱ्यांनी गळून पडेल, ही अपेक्षाच मजेशीर आहे. शिवाय पोळ्यातल्या काही घरांची तोंडे रेशमी टोपीने बंद असतात. आत कोष असतात. वरचे औषध तिथवर पोचेलच असे नाही आणि काही दिवसांत त्यातून नव्या माश्या बाहेर येतात. म्हणूनच पोळे काढायचे असते. 'काढण्याचे' पैसे आपण घेतले आहेत.

संध्याकाळपर्यंत बाहेर गेलेल्या माश्या परतल्या आणि त्याच पोळ्याला बिलगून बसल्या. रविवारी सकाळी सातला माझी आई, वय ८३, तुळशीला पाणी घालायला त्याच पोर्चच्या दारातून बाहेर पडली. एक डंख मनगटावर, एक डाव्या पापणीवर. दोन्ही एकाच माशीचे असतील, नसतीलही. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, ती एकदा डसली की नांगी कातडीत सोडून मरते. गांधीलमाशीचे तसे नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. आणि डिवचलेल्या पोळ्यावर नांगीतल्या विषाच्या वासानेच बाकीच्या सावध होतात. शेजारच्या काकूंनी लोखंड घासायला सांगितले. मनगटावर आईने खिळा घासलाही. पापणीवर खिळा कसा घासणार? दुपारपर्यंत डोळा पूर्ण मिटला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, श्वासाला त्रास होतो का हे पाहायला दोन तास बसवून ठेवले, सुदैवाने तसे काही झाले नाही. खर्च ₹ ६५०. आदल्या दिवशी आपल्या मुलाला ज्या भांड्यातून बर्फ दिला, त्याच भांड्यातून दुसऱ्या दिवशी आईला दिला, एवढे सांगतो आणि हा विषय सोडतो.

आता बिल. त्यावर छापले आहे : 'हनी बी हाईव्ह रिमूव्हल, ३ नग, ₹ २,४००.' मी बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. सातवीच्या पोराने गांधीलमाशीला मधमाशी म्हटले असते तर मी त्याला बाकावर उभे केले नसते, पण बाहेर नेऊन पोळे जरूर दाखवले असते. मधमाशीचे पोळे मेणाचे, यांचे कागदाचे. हिचे राखाडी, उघड्या षटकोनी घरांचे, आणि त्यात मधाचा थेंब नाही. माझ्या घरी मधमाश्यांचे पोळे असते तर मी फवारणीवाल्याला बोलावलेच नसते, ते जिवंत हलवणारा माणूस शोधला असता. आपल्या संगणकात गांधीलमाशीचा रकाना नसेल तर तो तयार करा. पण जे केले नाही ते, जे नव्हते त्याच्या नावावर, तीनदा लावू नका.

फोनवरच्या तक्रारीचे काय झाले तेही लिहितो. ६, ९ आणि १३ ऑक्टोबरला मी फोन केला. तिन्ही वेळा संध्याकाळपर्यंत 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज आला. कोणी सोडवली, कुठे सोडवली, मला दिसले नाही. तिसऱ्या वेळी एका गृहस्थांनी समजूत घातली की थंडी पडली की गांधीलमाश्या आपोआप मरतात, महिनाभर थांबा. हे थंड देशांतले ज्ञान आहे. तिथे हिवाळ्यात वसाहत संपते आणि फक्त राण्या कुठेतरी दडून राहतात. आपल्या दक्षिण भारतात तसे नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी 'रोपॅलिडिया मार्जिनाटा' या भारतीय गांधीलमाशीवर कित्येक वर्षे काम केले आहे. तिच्या वसाहती इथे वर्षभर चालू राहतात आणि नवीही कोणत्याही महिन्यात सुरू होते. माझ्या दारातली जात नेमकी तीच असा माझा दावा नाही. पण साताऱ्याच्या थंडीवर भरवसा ठेवून आईला महिनाभर मागच्या दाराने पाठवा, हा सल्ला सशुल्क सेवेत बसतो का?

लिंबाबद्दल थोडे. ते पोळे माणसांच्या वावरापासून लांब होते, कोणाला त्रास नव्हता. लिंबावर फुलपाखराच्या अळ्या पडतात, लहान असताना अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, आणि कोवळी पालवी दोन दिवसांत फस्त करतात. या माश्या त्या अळ्या पकडून, चावून गोळी करून आपल्या पिल्लांना भरवतात. गेली दोन वर्षे मी झाडावर काही मारले नाही, ते यांच्या जिवावर. आज त्या झाडाच्या तीन फांद्यांना नुसत्या शिरा उरल्या आहेत. याची भरपाई मी मागत नाही. ती आपल्याला मोजताही येणार नाही.

त्या झाडाखाली मात्र कढीपत्ता आहे आणि त्यावर औषध ठिबकले. आमच्या घरी रोज फोडणीला तोच जातो. किती दिवस तोडायचा नाही, असे विचारले तर त्या मुलाला औषधाचे नावही ठाऊक नव्हते. बाटली साधी पाण्याची होती, लेबल काढलेली. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो : लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. मला एकही दिसला नाही. डायक्लोरव्हॉससारखे औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशात वापरायला बंदी आहे. आपल्या माणसाने तेच आणले होते असे मी म्हणत नाही. पण बिनलेबलच्या बाटलीबद्दल ग्राहकाने काय समजायचे, ते आपणच सांगा.

शेवटी पोर्चमधले पोळे आम्हीच काढले. १९ ऑक्टोबरला रात्री साडेआठला भाचा आणि मी, दोघांनी रेनकोट, हेल्मेट, हातमोजे घातले, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावला. भाच्याने साबणाचे दाट पाणी जोरात मारले, माश्या पडल्या. मग लांब दांड्याला बांधलेल्या पट्टीने देठ कापला, पोळे बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडवले आणि देठाची जागा घासून पुसली. वीस मिनिटे लागली. साबण दहा रुपयांचा. न्हाणीघराचेही तसेच काढले. वसुबारसेला लागायचा कंदील लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी लागला.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. बिलाचे ₹ २,४०० पूर्ण परत करावेत, कारण काढलेल्या पोळ्यांची संख्या शून्य आहे. औषधोपचाराचे ₹ ६५० द्यावेत. ४ ऑक्टोबरला वापरलेल्या औषधाचे नाव, त्याचे प्रमाण आणि कढीपत्ता खाण्यायोग्य आहे की नाही, हे लेखी कळवावे. यासाठी मात्र दोन दिवसांपेक्षा जास्त थांबायची माझी तयारी नाही. कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील नियमांनुसार फवारणी करणाऱ्या संस्थेला जो परवाना लागतो, त्याची प्रत पाठवावी. बाकी सर्व बाबींसाठी पंधरा दिवसांची मुदत देतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि मला निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे.

करार मी मोडत नाही. झुरळांची पुढची फेरी १५ नोव्हेंबरला आहे. त्याच मुलाला पाठवलेत तरी चालेल, पण त्याला हातमोजे आणि बूट देऊन पाठवा.

आपला,
(सही)
ग्राहक, शाहूपुरी, सातारा

सोबत : बिलाची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी व पावती, तिन्ही मेसेजच्या छापील प्रती, काढलेल्या पोळ्याची दोन छायाचित्रे. (पोळे माझ्याकडे डब्यात आहे. मधमाशीचे म्हणायचे असेल तर येऊन पाहावे.)