स्वयंभू गंधार ऐकवणाऱ्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

सादर प्रणाम.

माझी वाद्यसंगीताची पहिली ध्वनिमुद्रिका पूर्ण झाली, तेव्हा ऋणनिर्देशात सर्वांत आधी आपले नाव छापावे असे मी ठरवले होते. आपण त्याला नकार दिलात, म्हणून हे पत्र नाव न घेता, पण चारचौघांसमक्ष लिहीत आहे.

भर पावसाळ्यात, दमट हवेने माझ्या गिटारची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, डिंक सोडून उचलली गेली होती आणि ती घेऊन मी बेळगावच्या शहापुरातील आपल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात आलो होतो. घोडी चिकटवून, वर शिकंजा लावून आपण म्हणालात, ‘दोन दिवस हात लावायचा नाही. बसा, सावकाश.’ ‘सावकाश’ हा शब्द कानडीतही तोच आणि मराठीतही तोच असल्यामुळे आपण तो कोणत्या भाषेत उच्चारलात, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या वेळी आपल्यासमोर मिरजेचा एक तंबोरा होता आणि आपण त्याची जवारी काढत होतात, म्हणजे तार झंकारत राहावी अशी त्याची घोडी घासून जुळवत होतात. घोडीवर कानशीचे दोन हलके हात, मग तार छेडून ऐकणे, मग तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे सरकवणे, पुन्हा ऐकणे. तासाभराने दोरा एका जागी आला आणि तोवर ठोकळ वाजणारी खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’ची, तार एकदम उमलली. आपण मला जवळ बोलावून विचारलेत, ‘यात गंधार ऐकू येतो का?’ गंधाराची, म्हणजे ‘ग’ या स्वराची, तार तर त्या तंबोऱ्यावर नव्हतीच. पण डोळे मिटून थोडा वेळ ऐकल्यावर तो आला, वरच्या सप्तकात, बारीक, स्थिर, कोणीही न छेडलेला.

त्या क्षणापर्यंत वातावरणनिर्मिती करणारे संगीत म्हणजे अधिक थर, आवाज बदलणारी अधिक पेडल, अधिक रिव्हर्ब म्हणजे घुमारा, असाच माझा समज होता. इंग्रज संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये ज्या प्रकाराला ‘अँबिअंट’ हे नाव दिले, ते संगीत मी वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो; मात्र त्यातील मोकळी जागा मला दिसली नव्हती, फक्त धूसरपणा दिसला होता. माझ्या रचनांत एकही जागा रिकामी नसे. आपण त्यांतील एक रचना शेवटपर्यंत शांतपणे ऐकलीत आणि एवढेच म्हणालात की, इथे तारेला बोलायला कोणी सवडच देत नाही.

त्यानंतर सुमारे महिनाभर मी रोज संध्याकाळी आपल्याकडे येऊन केवळ तंबोरा लावत बसलो. गिटारला हात लावायचा नाही, ही आपली अट होती. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या आणि आपल्या या मातीच्या अभिमानाचा विषय असलेल्या कुमार गंधर्वांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे आपण मला त्या काळात ऐकवलीत, पण गाणे सुरू होण्याच्या आधीचा, तंबोऱ्यांच्या झंकाराचा भाग पुन्हा पुन्हा ऐकायला लावलात. मधल्या बोटाच्या आणि तर्जनीच्या मांसल भागाने, न ओरबाडता तार कशी सोडायची, हेही मी तिथेच शिकलो. आज मी प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची चकती, जवळजवळ वापरत नाही, आणि पायाने आवाज कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्यूम पेडलने स्वराचा आघात झाकून तो धुक्यासारखा उगवू देतो, त्यामागे आपला तोच धडा आहे.

घरी परतल्यावर मी गिटारच्या तारा सा प सा म प सा अशा लावल्या. इंग्रज गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी रूढ केलेली ही लावणी मला पूर्वीपासून ठाऊक होती, पण तिच्यात गंधार मुळातच नाही, याचे मोल आपल्यामुळे कळले. गिटारच्या फ्रेटवर दाबलेला गंधार तारेतून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो; सेंट हे स्वरांमधील अंतर मोजण्याचे एकक. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर हा फरक क्षुल्लक वाटेल, पण दोन्ही स्वर एकत्र वाजले की कानाला टोचतो. तारेच्या एक पंचमांश लांबीवर बोट अलगद टेकवले तर खरा गंधार मिळतो, आणि ती जागा चौथ्या फ्रेटच्या पट्टीवर नसून तिच्या किंचित अलीकडे आहे. ती बोटाला सापडायला मला कितीतरी रात्री लागल्या. वडगावातील आमच्या गल्लीत यंत्रमाग थांबल्यानंतरच इतके बारीक ऐकू येते, म्हणून त्या सगळ्या रात्रीच होत्या.

आता रचना करताना मी प्रथम खर्ज छेडतो आणि तो विरेपर्यंत थांबतो. डिले, म्हणजे स्वराचा प्रतिध्वनी देणारे उपकरण, लावलाच तर मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत ७५० मिलिसेकंदांवर ठेवतो, म्हणजे प्रतिध्वनी ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत पडतो. कणकुंबीच्या पावसावर बेतलेल्या रचनेत मी आधी पागोळ्यांचा आवाज गिटारवर उतरवण्याचा खटाटोप करत होतो, तो सोडून दिला. पाऊस थांबल्यावर कौलांखाली जी शांतता उरते, तिच्यासाठी चारच स्वर पुरले.

अण्णा, दुरुस्तीचे पैसे आपण घेतलेत, शिकवण्याचे मात्र घेतले नाहीत. विषय काढला की तंबोऱ्याच्या खुंट्यांकडे बोट दाखवत आलात. ते ऋण फेडण्याचा मार्ग मला माहीत नाही. ध्वनिमुद्रिकेची प्रत या आठवड्यात आपल्या दुकानात आणून देतो. शेवटच्या रचनेच्या अखेरीस साधारण ४० सेकंद मी काहीच वाजवलेले नाही, केवळ खालची तार विरत जाते. त्या जागी आपल्याला गंधार ऐकू येतो का, तेवढे मला सांगावे.

आपला कृतज्ञ विद्यार्थी,
एक गिटारवादक
वडगाव, बेळगाव