वेगळे राज्य मागणे म्हणजे फुटीरता नव्हे

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की 'फुटीरतावादी' हा शब्द हमखास फेकला जातो. शिवी म्हणून चालेल, पण कायद्यात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. देशातून फुटण्याचा प्रचार रोखायला 1963मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली. तेव्हापासून उमेदवाराच्या शपथेत देशाची अखंडता आली. त्याच सुमारास तमिळनाडूतल्या द्रमुक पक्षाने द्रविडनाडू या वेगळ्या देशाची मागणी सोडली. राज्याची हद्द बदलण्याची तरतूद मात्र घटनेच्या अनुच्छेद 3 मध्येच आहे.

तिथेही गैरसमज बरेच. विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते, विधिमंडळाचे मत ठराविक मुदतीत मागवावे लागते. पण ते मत संसदेवर बंधनकारक नसते आणि साधे बहुमत पुरते. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी 2014मध्ये वेगळ्या तेलंगणचे विधेयक फेटाळले, फेब्रुवारीत संसदेने मंजूर केले. उलट उत्तर प्रदेशच्या विधानसभेने 2011मध्ये राज्याच्या चार तुकड्यांचा ठराव केला, पुढे काही झाले नाही. तेव्हा ठरावासाठी सभागृहात घसा कोरडा करण्यात फार अर्थ नाही.

खरे भांडण वाटणीचे असते, आणि विदर्भवादी त्यावर फारसे बोलत नाहीत. तेलंगण 2 जून 2014 रोजी झाले. हैदराबाद दहा वर्षे सामायिक राजधानी होती, ती मुदत संपली तरी सगळे हिशेब मिटले नव्हते. महामंडळांची मालमत्ता व देणी लोकसंख्येच्या 58.32 (आंध्र) : 41.68 (तेलंगण) या प्रमाणात वाटायची होती, पण 'मुख्यालयाची मालमत्ता' कशाला म्हणायचे यावरच वाद पेटला, कारण बहुतेक मुख्यालये हैदराबादेत. राज्य पुनर्रचना कायद्याच्या दहाव्या परिशिष्टातल्या प्रशिक्षण संस्थांसाठी तर त्यात प्रमाणच नव्हते. एका संस्थेच्या ठेवींचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. वीज मात्र लोकसंख्येवर नव्हे तर आधीच्या वापरावर वाटली गेली, तेलंगणला 53.89 टक्के.

आपल्याकडे कोराडी, चंद्रपूरची वीजकेंद्रे विदर्भात आणि ती चालवणाऱ्या महानिर्मिती या सरकारी कंपनीचे मुख्यालय मुंबईत. केंद्रे ज्याच्या हद्दीत त्याची, की कर्जासह वाटून घ्यायची? कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता, निवृत्तिवेतनाचा बोजा कुणाच्या माथी? हे प्रमाण विधेयकातच लिहून घेतले नाही, तर पुढे दोन्ही बाजूंचे वकील लिहितील.

अखंड महाराष्ट्रवाल्यांनीही आपले दप्तर तपासावे. विदर्भाला संयुक्त महाराष्ट्रात घेण्यासाठीच्या 1953च्या नागपूर करारात समन्यायी वाटपाचे आश्वासन होते, 1956मध्ये विकास मंडळांची तरतूद करणारा अनुच्छेद 371(2) आला, पण वैधानिक विकास मंडळे स्थापन व्हायला 1994 उजाडले. त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. आश्वासनाची आठवण करून देणाऱ्याला फुटीर ठरवण्याआधी सरकारने सिंचन, रस्ते, नोकरभरती यांचा जिल्हानिहाय अनुशेष दरवर्षी अधिवेशनात मांडावा.

आपला,
एक वाचक