गुळाला मानांकन मिळाले, रश्श्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी घाटाची चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता मिरवली, तेव्हा आपण खवळून उठलो आणि ते योग्यच होते. मात्र देशभरातील हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून नुसती लालभडक ग्रेव्ही खपवली जाते, त्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही.

शिजवलेल्या पदार्थाला भौगोलिक मानांकन (म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या उत्पादनाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) मिळत नाही, हा समज चुकीचा आहे. हैदराबादच्या हलीमला ते 2010 मध्ये, बंगालच्या रसगुल्ल्याला 2017 मध्ये मिळाले. अळणी पाण्यात, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, नारळाचे दूध आणि तीळ-खसखशीचे वाटण घालून होणारा पांढरा रस्सा, त्याच्या जोडीचा तांबडा आणि घरोघरी वर्षाचा करून ठेवला जाणारा कांदा-लसूण मसाला यांचा दावा त्याहून कमी नाही. घाई एवढ्यासाठीच की, भौगोलिक मानांकनाच्या 1999 च्या कायद्यातील कलम 9 नुसार सर्वसामान्य होऊन बसलेल्या नावाची नोंदणी होत नाही; 'कोल्हापुरी' म्हणजे केवळ 'झणझणीत' असे एकदा ठरले, की आपला दावा लंगडा पडेल.

अर्थात नोंदणीने सारे साधत नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्येच मानांकन मिळाले, तरी साखर मिसळलेला पिवळाधमक गूळ त्याच नावाने विकला जातो आणि काहिलीवर (रस आटवायच्या मोठ्या कढईवर) उभे राहून भेंडीच्या पाण्याने मळी काढणाऱ्या, पाकाची गोळी पाण्यात टाकून अंदाज घेणाऱ्या गुळव्याच्या कसबाला वेगळा भाव मिळत नाही. उत्पादकांनी अधिकृत वापरकर्ते म्हणून स्वतःची नोंद करून घेतली, तरच नकली मालाविरुद्ध त्यांना स्वतः दाद मागता येते.

माशांच्या बाबतीत आपण गिऱ्हाईक आहोत, म्हणून तर अधिक चोखंदळ असावे. फलकावर 'मालवणी' आणि ताटात बासा (गोड्या पाण्यातला, तळ्यात वाढवलेला मासा), असा अनुभव मी शहरातच घेतला आहे; मासा कुठला, असे विचारल्यावर वाढपी मालकाकडे पाहू लागला. कॉर्नवॉलच्या सार्डिन माशाच्या नावाला 2009 मध्ये युरोपीय संरक्षण मिळाले. आपल्याकडे निदान मेनूकार्डावर माशाचे खरे नाव आणि बंदर छापायला काय हरकत आहे?

शिवाजी विद्यापीठाने रश्श्याच्या व मसाल्याच्या जुन्या पाककृतींची लेखी नोंद करावी आणि हॉटेलमालक व मसाला करणाऱ्या महिला बचत गटांनी एकत्र येऊन मानांकनाचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर