नदीच्या अलीकडचं मत

एडिसन, न्यू जर्सी
12 एप्रिल 2025

प्रिय नीला,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपलं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. तुझ्या दारावरची बेल वाजली आणि तू "करते गं परत" म्हणून फोन ठेवलास. पण ठेवण्याआधीचं, इथल्या म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीबद्दलचं तुझं वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यात घोळतंय. "अगं, राज्यांनी एकत्र येऊन तो देश केलाय. मग राष्ट्राध्यक्ष राज्यांनीच निवडला तर त्यात अन्याय कसला?" तू नववी-दहावीला राज्यशास्त्र शिकवतेस, तुझा मुद्दा कच्चा नसणार हे मला माहीत आहे. म्हणूनच कणीक मळताना, गाडी चालवताना मी मनातल्या मनात तुझ्याशी वाद घालत होते. आज शनिवार, घरात कुणी नाही, सगळं लिहूनच काढते.

सुरुवात चिन्मयपासून करते, कारण हा विषय माझ्या घरात त्याच्या एका प्रश्नाने शिरला. गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. तो नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियात, शेवटच्या वर्षाला आणि शनिवार-रविवारी घरी यायचा. जेवताना त्याने विचारलं, "आई, मतदार यादीत नाव कुठे घालू? इथे की तिकडे?" कॉलेजच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे नाव नोंदवता येतं, कायद्याने ती मुभा आहे. मी काही बोलायच्या आत त्याचे बाबा म्हणाले, "तिकडेच घाल. इथे काय उपयोग?"

इथे काय उपयोग! नीला, हा माणूस मतदान कधी चुकवत नाही. भारतात असताना पहाटे उठून रांगेत पहिला उभा राहायचा. तो हे सहज म्हणून गेला आणि चिन्मयनेही मान हलवली. मी मात्र वाढता वाढता थांबले. मला आठवली ती 2011 ची नागरिकत्वाची परीक्षा. शंभर प्रश्न पाठ करायचे, समोरचा अधिकारी त्यातले दहापर्यंत विचारतो, सहा बरोबर आले की झालं. मला विचारलेल्यांत एक होता, "काही राज्यांना जास्त प्रतिनिधी का असतात?" उत्तर एका ओळीचं: तिथली लोकसंख्या जास्त असते म्हणून. मी ते खणखणीत आवाजात सांगितलं होतं, कारण ते मला पटलेलं होतं. जास्त माणसं, जास्त प्रतिनिधी. यापेक्षा सरळ काय असणार?

मग चिन्मय निघून गेल्यावर मी कागद घेऊन हिशेब मांडला. तुझ्या वर्गातल्या मुलांनाही तो करता येईल. इथे राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरत नाही, राज्याराज्यांतून नेमलेले निर्वाचक तो निवडतात. एकूण निर्वाचक 538, जिंकायला 270 लागतात. प्रत्येक राज्याला त्याचे प्रतिनिधिगृहातले सभासद अधिक दोन सेनेटर, इतके निर्वाचक मिळतात. म्हणजे ते दोन लहान-मोठ्या सगळ्यांना सारखेच. वायोमिंगची वस्ती 2020 च्या जनगणनेत 5 लाख 77 हजार, निर्वाचक 3. कॅलिफोर्नियाची 3 कोटी 95 लाख, निर्वाचक 54. भागाकार केलास तर वायोमिंगात 1 लाख 92 हजार माणसांमागे एक, कॅलिफोर्नियात 7 लाख 32 हजारांमागे एक. जवळजवळ चौपट फरक. या पद्धतीवर टीका करणारे सगळे हाच आकडा पुढे करतात, मीही करत होते.

पण मग मी आमचं आणि चिन्मयचं मांडलं आणि चक्रावले. न्यू जर्सीत 92 लाख 89 हजार माणसं, 14 निर्वाचक. पेनसिल्व्हेनियात 1 कोटी 30 लाख, 19 निर्वाचक. भागाकार केला तर आमच्याकडे 6 लाख 63 हजारांमागे एक आणि त्यांच्याकडे 6 लाख 84 हजारांमागे एक. म्हणजे कागदावर माझं मत चिन्मयच्या मतापेक्षा किंचित भारीच! तरीही त्याच्या बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याच्या मताला उपयोग होता, माझ्याला नव्हता.

हे मला डोळ्यांनी दिसलं ते ऑक्टोबरात. मी चार शनिवार नदीपलीकडे घरोघरी प्रचाराला जात होते. कोणासाठी ते तुला ठाऊक आहे, पण या पत्राचा तो विषय नाही. ट्रेंटनला डेलावेअर नदीवर एक जुना लोखंडी पूल आहे, त्याच्या अंगावर मोठाल्या अक्षरांत लिहिलंय, 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स'. पूल ओलांडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. अलीकडे ट्रेंटन, आमच्या राज्याची राजधानी, तिथे निवडणुकीचा मागमूस नाही. पलीकडे मॉरिसव्हिल, बक्स काउंटी, तिथे अंगणाअंगणात पाट्या. एका घरी सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं आणि काही न बोलता आतून किराण्याची कागदी पिशवी आणून दाखवली. काठोकाठ प्रचारपत्रकं भरलेली. "ही फक्त या आठवड्याची," म्हणाल्या. मग मला पाणी दिलं आणि विचारलं, तुम्ही कुठून आलात? मी म्हटलं, नदीपलीकडून. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे कोण येतं?" मला उत्तर सुचलं नाही. आमच्या पेटीत त्या अख्ख्या महिन्यात राष्ट्राध्यक्षपदासाठीचं एकही पत्रक आलं नव्हतं.

कारण उघड आहे. 48 राज्यांत एक मत जास्त मिळालेला सगळेच्या सगळे निर्वाचक घेऊन जातो. फक्त मेन आणि नेब्रास्का मतदारसंघांप्रमाणे काही वाटून देतात. न्यू जर्सीने 1988 नंतर रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही, त्यामुळे इथला निकाल सगळ्यांनी आधीच धरलेला असतो. मग इथे कोण कशाला घाम गाळेल? आणि हे एकाच बाजूचं दुखणं नाही बरं का. गेल्या नोव्हेंबरात आमच्या राज्यात ट्रम्प यांना जवळजवळ 20 लाख मतं पडली. त्यातून किती निर्वाचक? शून्य. 2020 मध्ये त्यांना कॅलिफोर्नियात 60 लाख मतं मिळाली, टेक्साससारख्या त्यांच्या बालेकिल्ल्यापेक्षाही जास्त. त्या 60 लाखांचं पुढे काय झालं? काही नाही. माझ्या शेजारच्या गृहस्थांचं आणि माझं राजकारणात कधी जमत नाही, पण या बाबतीत आम्ही दोघंही सारखेच बिनकामाचे मतदार.

आता तुझा मुद्दा घेते. राज्यांचा संघ, लहान राज्यांचं संरक्षण. ज्या वायोमिंगला चौपट वजन दिलं, तिथे तरी कोणी फिरकतं का? नाही. गेल्या वेळी सगळी धावपळ सात राज्यांत होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा. यांतलं नेवाडा सोडलं तर बाकीची मध्यम नाहीतर चांगली मोठी. लहान म्हणून कोणाला मान मिळत नाही, काठावर असेल त्यालाच मिळतो. आणि काठावर असणं हा काही राज्याचा हक्क नव्हे, तो योगायोग आहे.

घटनेने हेच ठरवलं होतं, असंही तू म्हणालीस. तिथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण हे सगळं चिन्मयच्या कॉलेजपासून जवळच घडलं. 1787 च्या उन्हाळ्यात, दारं-खिडक्या लावून, इंडिपेंडन्स हॉलमध्ये. जेम्स विल्सन या पेनसिल्व्हेनियाच्याच प्रतिनिधीने तेव्हा मांडलं होतं की राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा. ते मान्य झालं नाही. कारणं अनेक होती. एवढ्या पसरलेल्या देशात लोकांना उमेदवार कसे कळणार ही शंका होती, लोकांवर अविश्वासही होता. पण एक कारण व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसनने जुलैमध्ये उघड बोलून दाखवलं: उत्तरेत मतदार जास्त आहेत, आणि दक्षिणेला आपल्या काळ्या लोकांच्या जोरावर थेट मतदानात काहीच वजन मिळणार नाही. म्हणजे गुलामांना मत तर द्यायचं नाही, पण त्यांची मोजणी हवी. प्रतिनिधिगृहासाठी पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब ठरला होता, तोच निर्वाचकांच्या संख्येत उतरला. पहिल्या 36 वर्षांपैकी 32 वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता, नीला. ते केवळ त्या हिशेबामुळे असं मी म्हणणार नाही, पण तो हिशेब त्यांच्या बाजूने होता हे नक्की. तू 'लहान राज्यांसाठी' म्हणतेस तेव्हा हे आठव. व्हर्जिनिया तेव्हा सगळ्यांत मोठं राज्य होतं.

आणि जिंकणाऱ्याने सगळं न्यायचं, हे तर घटनेत लिहिलेलंच नाही. निर्वाचक कसे नेमायचे ते राज्याच्या विधिमंडळावर सोपवलंय. 1800 च्या निवडणुकीआधी व्हर्जिनियाने आपले उमेदवार जेफरसन यांच्या सोयीसाठी ती रीत उचलली, मग बाकीचे कशाला मागे राहतील? ज्याचं बहुमत त्याला ती सोयीची, म्हणून हळूहळू सगळीकडे पसरली. आज ती घटनेइतकीच पवित्र असल्यासारखी सांगतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

तू म्हणालीस, आपल्याकडेही भाजपला 2014 मध्ये 31 टक्के मतांवर 282 जागा मिळाल्याच ना! मिळाल्या. ती पद्धतही निर्दोष नाही. पण तिथे आपण आपापल्या मतदारसंघाचा खासदार निवडतो, आणि सभागृहाचा विश्वास गेला तर पंतप्रधानाला जावं लागतं. इथे अख्ख्या देशाला मिळून एकच माणूस निवडायचाय, तो चार वर्षं हलत नाही. त्या एका पदासाठी 2000 साली गोर यांना साडेपाच लाख मतं जास्त मिळाली आणि फ्लोरिडातल्या 537 मतांवर बुश आले. 2016 मध्ये क्लिंटन यांना 28 लाखांहून जास्त आघाडी आणि हार त्यांचीच. 2004 मध्ये उलटं होता होता राहिलं. बुश देशभरात 30 लाखांनी पुढे, पण ओहायोतली 60 हजार माणसं फिरली असती तर केरी राष्ट्राध्यक्ष झाले असते. तेव्हा माझं मन काय म्हणालं असतं? मी स्वतःला हे बऱ्याचदा विचारलंय. अन्याय तोही तेवढाच असता.

खरं तर तुला उत्तर द्यायला आपल्या राष्ट्रपतींची निवडणूकच पुरेशी आहे, आणि तूच ती मुलांना शिकवतेस. तिथेही निर्वाचक मंडळच असतं. पण आमदाराच्या मताचं मूल्य 1971 च्या लोकसंख्येवरून काढतात. महाराष्ट्राच्या आमदाराचं 175, सिक्कीमच्या आमदाराचं 7. सिक्कीम लहान आहे म्हणून त्याला कोणी दोन मतं वरून दिली नाहीत आणि त्यामुळे आपला संघ मोडला नाही. उत्तर प्रदेशातल्या शंभर आमदारांनी एकाला आणि तीनशेंनी दुसऱ्याला मत दिलं, तर ते तसंच मोजलं जातं, चारशेच्या चारशे एका पारड्यात जात नाहीत. मंडळ असण्याला माझी हरकत नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की माणसाचं मत राज्याच्या सीमेवर पुसलं जाऊ नये.

एका गोष्टीत मात्र तू मला अडवलंस, ते कबूल करते. देशभर थेट मतमोजणी झाली आणि फरक अगदी थोडा निघाला तर फेरमोजणी कुठे-कुठे करायची? फ्लोरिडातच महिनाभर केवढा गोंधळ झाला, शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मोजणी थांबवली. इथे निवडणुका राज्यं घेतात, प्रत्येकाचे नियम वेगळे, सगळीकडे लागू होईल असा आपल्यासारखा एक निवडणूक आयोग नाही. तो आधी उभा करावा लागेल, आणि ते काम सोपं नाही. पण दुसरी बाजूही बघ. पंधरा कोटी मतांत काही शे मतांचा फरक निघणं फार दुर्मीळ. एका राज्यात तो सहज निघतो. 2020 मध्ये बायडन देशभरात 70 लाखांनी पुढे होते, तरी तीन राज्यांतल्या मिळून 43 हजार मतांच्या फरकावर सगळं टांगलेलं होतं. ती तीन राज्यं फिरली असती तर 269-269 आणि निवड प्रतिनिधिगृहात, तीही एका राज्याला एक मत या न्यायाने.

हे बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. 1969 मध्ये थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात 338 विरुद्ध 70 मतांनी मंजूर झाली होती. निक्सन यांचाही पाठिंबा होता. पुढच्या वर्षी सेनेटमध्ये, मुख्यतः दक्षिणेतल्या सेनेटरांनी, चर्चाच संपू दिली नाही. चर्चा थांबवायच्या ठरावाला 54 विरुद्ध 36 मतं पडली, पण दोन तृतीयांश हवी होती. माझ्या जन्माआधी ही संधी गेली हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ सुन्न बसून होते. आता घटनादुरुस्तीला 38 राज्यं मिळणं मला तरी दिसत नाही. दुसरा मार्ग राज्यांनी आपसांत करार करण्याचा: देशभरात ज्याला जास्त मतं, त्यालाच आमचे निर्वाचक. 2007 मध्ये मेरीलँडने सुरुवात केली, आमची न्यू जर्सीही लगेच मागोमाग आली. गेल्या वर्षी मेन आल्यावर करारातल्या निर्वाचकांची संख्या 209 झाली. 270 होईपर्यंत तो लागू होत नाही. पुढे कोर्टात टिकेल का, हाही प्रश्न आहेच. तरी आमच्या आमदारांनी तो मंजूर केला याचा मला अभिमान आहे.

खूप लांबलं पत्र. तुला वेळ मिळेल तेव्हा वाच, आणि सिक्कीमच्या मुद्द्यावर मला उत्तर दे, त्यातून सुटू नकोस. वर्गात मुलांपुढेही ठेवून बघ, ते काय म्हणतात ते मला जसंच्या तसं कळव. वाईला अजून घाटावर संध्याकाळी बसतेस का? माझ्या वतीने एकदा ढोल्या गणपतीला जाऊन ये.

चिन्मयचं शिक्षण मेमध्ये संपतंय. नोकरी नेवार्कला लागली, म्हणजे तो परत आमच्याजवळ. काल फोनवर म्हणाला, "आई, यादीत नाव परत तुमच्या पत्त्यावर आणतो." त्याचे बाबा शेजारीच बसले होते, काही बोलले नाहीत. मी म्हटलं, आण. येत्या नोव्हेंबरात इथे गव्हर्नरची निवडणूक आहे, त्यात राज्यातलं प्रत्येक मत सारखं मोजतात. आम्ही तिघं सकाळीच जाणार आहोत.

घरी सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझीच,
शुभा